बोहनीची वेळ

वास्को द गामा २० मे १४९८ रोजी कालिकतला पोचला, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. शाळेत राहून गेलेली गोष्ट अशी की, तिथे त्याची फजिती झाली. झामोरीन राजाला नजर करायला त्याने जे गाठोडं सोडलं त्यात पट्ट्यापट्ट्यांचं कापड होतं, सहा टोप्या होत्या, पोवळ्यांच्या चार माळा होत्या, हात धुवायची भांडी होती आणि थोडी साखर, तेल, मध. राजाचे कारभारी ते बघून हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून बरं काही आणतो, असं त्यांनी त्याच्या तोंडावर सांगितलं.

कळंगुटच्या वाळूत मी पाऊल ठेवलं तेव्हा माझ्यापुढे आल्या त्याही टोप्या, माळा आणि पट्ट्यापट्ट्यांचं कापडच. पाचशे वर्षांत मालाची यादी फारशी बदललेली नाही, विक्रेते मात्र सुधारले आहेत. कारभारी हसल्यावर वास्को खट्टू झाला होता. कळंगुटची लमाणी बाई गिऱ्हाईक हसलं की स्वतःही हसते, शेजारी वाळूत ऐसपैस बसते आणि विचारते, "कहाँ से आये? पुना?"

हे तिला कसं कळतं, याचा मी बराच विचार केला. आमच्या कपाळावर काही लिहिलेलं नव्हतं. शर्टावर मात्र लिहिलेलं होतं. गोव्यासाठी खास घेतलेल्या माझ्या फुलाफुलांच्या शर्टाच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. पायात मोजे होते. हातातल्या पिशवीत घरून आणलेला चिवडा होता आणि पिशवीवर लक्ष्मी रोडच्या साडीच्या दुकानाचं नाव. एवढ्या पुराव्यावर एखादा फौजदारसुद्धा गुन्हेगार शोधून काढील. गोरे पर्यटक या विक्रेत्यांना रंगावरून कळतात म्हणे. पांढराफटक म्हणजे आजच उतरला, त्याला भाव चढा. लालबुंद म्हणजे दोन-तीन दिवस झाले, जरा सांभाळून. तांबूस-काळा झालेला म्हणजे मुरलेला, त्याच्या वाटेला जायचं नाही. आमचा रंग मुळातच मुरलेला, म्हणून आमच्या बाबतीत मोजे बघतात.

किनाऱ्यावरचा पहिला धडा म्हणजे "बाद में" हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत. आपल्याकडे ते नकाराचं सभ्य रूप आहे. वर्गणीवाल्याला, विमा एजंटाला आणि मेव्हण्याला आपण आयुष्यभर तेच सांगत आलेलो असतो आणि तेही समजून घेतात. किनाऱ्यावर तो करार धरला जातो. "बाद में? पक्का? प्रॉमिस?" असं म्हणून तिने माझं नाव विचारून घेतलं. मी भाबडेपणाने खरं नाव सांगितलं. त्यानंतर मी पाण्यात कमरेइतका उभा असताना, शॅकमध्ये माशाचा काटा काढत असताना, एकदा तर स्वच्छतागृहाच्या रांगेत असताना लांबून हाक यायची, "अंकल! बाद में हो गया!" हिशेबाला इतकं चोख माणूस मी आमच्या सोसायटीच्या कमिटीतही पाहिलेलं नाही.

आमच्या हिला घासाघिशीचा अभिमान आहे. तिचं शिक्षण तुळशीबागेत झालेलं. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याच्या खाली सुरुवात करायची, वस्तूत खोट काढायची, मग पाठ फिरवून चालू लागायचं आणि हाक येईपर्यंत मागे बघायचं नाही, ही तिची पद्धत. पण समोर होती ती लमाण्यांची लेक. तिच्या पूर्वजांचे तांडे हजारो बैलांवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर फिरायचे. मोगलांच्या फौजा त्यांच्या रसदीवर जगायच्या. रेल्वे आली, रस्ते झाले, बैलांचा धंदा गेला, बोलण्याचा राहिला. ज्यांनी लढाईच्या ऐन तोंडावर सरदारांना गव्हाचा भाव सांगितला, त्यांच्या नातीपणतींपुढे तुळशीबागेचा काय पाड?

"माला बाराशे," ती म्हणाली.

"दोनशे," ही म्हणाली, आणि खोट काढली, "प्लास्टिक आहे."

"हाँ, प्लास्टिक है," बाई शांतपणे म्हणाली, "इसीलिए बाराशे. पत्थर का तीन हजार."

खोट कबूल करणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं हे तुळशीबागेत शिकवत नाहीत. ही उठली आणि पद्धतशीर चालू लागली. हाक आली नाही. तिने चाल मंद केली. तरी नाही. शेवटी मागे वळून पाहिलं तर बाई माझ्याशेजारी बसून आमचा चिवडा खात होती आणि मला सांगत होती, "आयेगी. अच्छी औरत है." ही आली. माळ चारशेला ठरली, आणि एकीला फार महाग पडते म्हणून चार घेतल्या.

माझी पाळी कानवाल्याने आणली. लाल टोपी, कानाला खोचलेली कापसाची काडी आणि हातात डबी. तो चार हातांवर थांबला, मान तिरपी करून माझ्या कानात पाहिलं आणि रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरसारखा चुकचुकला. मी म्हणालो, मला उत्तम ऐकू येतं. त्यावर ही म्हणाली, "नाही हो, अजिबात येत नाही. मी काय काय सांगते, यांच्या कानापर्यंत काही पोचतच नाही." घरचा साक्षीदार फुटल्यावर खटला किती टिकणार? त्याने माझ्या कानातून जे काही काढून दाखवलं ते आकाराने माझ्या कानापेक्षा थोडंसंच लहान होतं. इतकी वर्षं मी ते घेऊन ऑफिसात जात होतो यावर माझा अजूनही विश्वास नाही. पण ही आता काही विसरलो की म्हणते, "आता तर कानही साफ आहेत!" आणि माझ्यापाशी उत्तर नसतं.

पाण्यातला धंदा वेगळा. तिथे सांगितलेला भाव कधीच बदलत नाही. बदलते ती त्यात काय काय येतं याची यादी. पॅराशूटला बांधून वर नेण्याचे पैसे आधीच घेतलेले असतात. पाय समुद्रात बुडवायचे असतील तर वेगळे. हे तुम्ही दोरीला लटकलेले असताना विचारतात, म्हणजे घासाघीस करायला खाली येण्याची सोय नाही. व्हिडिओचे आणखी वेगळे. डॉल्फिनची बोट मात्र प्रामाणिक असते: दिसले नाहीत तर पैसे नकोत. आग्वाद किल्ल्यासमोर बोट थांबते. या किनाऱ्यावरचे डॉल्फिन सिनेमातल्यासारखे हवेत कोलांट्या मारत बसत नाहीत. पाठीचं कुबड पाण्यावर काढतात, श्वास घेतात आणि सरकारी कचेरीतल्या कारकुनासारखे पुन्हा दिसेनासे होतात. "वो देखो!" असं नावाडी ओरडला. तीस जणांपैकी एका लहान मुलाने "दिसला!" म्हटलं आणि तीसही जणांचे पैसे कायदेशीर झाले.

खरा बाजार भरतो तो संध्याकाळी हॉटेलच्या आवारात. प्रत्येक मराठी कुटुंब दुसऱ्याची पिशवी न्याहाळतं आणि तो प्रश्न येतो, "कितीला घेतलंत?" या प्रश्नाचं खरं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही. ज्याने पाचशेला टोपी घेतली तो तीनशे सांगतो. तीनशेवाला त्याच्याकडे कीव येऊन बघतो आणि "आम्हाला तर दीडशेला दिली" म्हणतो. मग कोपऱ्यातले आजोबा, ज्यांनी टोपी घेतलेलीच नाही, ते म्हणतात, "हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात ऐंशीला मिळते." सगळ्यांची रात्र वाईट जाते.

शेवटी ही वैतागून म्हणाली, जिथे कुणी काही विकत नाही अशा ठिकाणी जाऊ. म्हणून आम्ही थेट काणकोणातल्या गालजीबागेला गेलो. सुरूची झाडं, स्वच्छ वाळू आणि चिटपाखरू नाही. ऑलिव्ह रिडले कासवं तिथे अंडी घालायला येतात, म्हणून वनखातं त्या किनाऱ्यावर लक्ष ठेवून असतं. पहिला तास स्वर्गात गेला. दुसऱ्या तासाला मला चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं. कुणी "अंकल" म्हणेना. आम्ही पुण्याचे की नागपूरचे याची कुणालाच पडलेली नव्हती. माझ्या शर्टाच्या घड्या एव्हाना मोडल्या होत्या आणि त्याची दखल घ्यायला माणूस नव्हतं. कळंगुटला मी दर पाच मिनिटांनी कुणाला तरी नकार देत होतो. इतकी सत्ता मला घरी नाही, ऑफिसात तर कधीच नव्हती. ती गेल्यावर समुद्र नुसता समुद्र उरला.

हीसुद्धा अस्वस्थ होती. चारही माळा गळ्यात घालून बसली होती. तेवढ्यात सुरूच्या बनातून एक जोडपं आलं. बाईंनी माळा पाहिल्या आणि मराठीतच सुरुवात केली.

"छान आहेत हो! कितीला घेतल्यात?"

"एकशेवीसला एक," ही म्हणाली. पापणी लवली नाही.

"अगंबाई! आम्हाला कळंगुटला चारशेच्या खाली देईना. मग मला द्या ना त्यातल्या दोन. तुमच्याकडे चार आहेत."

हिने माझ्याकडे पाहिलं. मी कान साफ असूनही काही ऐकलं नाही असं दाखवलं.

"दोन घेतल्या तर दोनशेला द्याल ना?" बाईंनी पर्स उघडली.

"नाही हो ताई, एवढ्यात मलाच पडत नाही," ही म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा यात तसूभरही खोटं नव्हतं.

बाईंनी पर्स मिटली, पाठ फिरवली आणि पद्धतशीर चालू लागल्या. तुळशीबागेच्याच असणार. जाता जाता नवऱ्याला म्हणाल्या, आम्हाला ऐकू जाईल इतपत मोठ्याने, "एकशेवीसला मिळतच नसणार. लोक उगाच सांगतात."

ही तीरासारखी उठली. "अहो ताई," तिने हाक मारली, "थांबा, थांबा! बोहनीची वेळ आहे, द्या दोनशे!"