जप्ती नव्हे, जर्मनी

यवतमाळ जिल्ह्यात घरातलं सामान अंगणात आलं की बघणारा दोनच अर्थ काढतो. घराला रंग लावणं चाललंय, नाही तर बँकेची जप्ती आलीय. दिवाळी लांब असल्यामुळे पहिला अर्थ आपोआप बाद झाला. 2025च्या मे महिन्यात आमची आलमारी, दिवाण, बंगई (झोपाळा) आणि शिलाई मशीन घाटंजीच्या घरासमोर मांडली, तेव्हा विकत घेणाऱ्यांच्या आधी धीर देणारे येऊन पोचले.

"काहून बा, किती होतं लोन?" समोरच्या काकांनी आवाज खाली आणून विचारलं.

"लोन नाही काका. जर्मनीला चाललो."

"बरोबर हाये," काका म्हणाले, "असंच सांगत जाय. लोकायले कायले खरं सांगा?"

खरं तर एवढंच होतं की बायको नर्स आहे आणि जर्मनीला नर्सेस हव्या आहेत. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये बाडेन-वुर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आमच्याकडे जर्मनी हे नाव एसटीच्या पाटीवर असल्यासारखं उच्चारलं जाऊ लागलं. बायकोने कुठल्याही कराराची वाट न पाहता आधीच अभ्यास सुरू केला होता. परिचारिकेला तिथे बी-टू पातळीचं जर्मन यावं लागतं. त्यामुळे दोन वर्षं आमच्या स्वयंपाकघरात भाकरी थापण्याच्या तालावर 'डेअर, डी, दास' चाललं होतं. व्हिसाच्या कागदावर ती कमावती आणि मी तिच्यावर अवलंबून. म्हणून कामाची वाटणी सरळ झाली: जर्मन तिने बोलायचं, सामान मी विकायचं. तिचं काम सोपं होतं.

तिकिटावर माणशी 23 किलो वजनाची मुभा होती. तीन पिढ्यांचं घर आणि दोन बॅगा, असं हे गणित.

पहिला सौदा कूलरचा ठरला. विदर्भात मे महिन्यात कूलर विकायला काढणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, लपावं लागतं. सकाळपासून रांग लागली. भाव मी सांगितलेल्यापेक्षा वर गेला. अडचण एवढीच होती की पारा 44च्या पुढे होता आणि आम्हाला अजून महिनाभर त्याच घरात झोपायचं होतं. शेवटी आगाऊ पैसे घेऊन, निघायच्या सकाळी ताबा द्यायचा असं ठरलं. मग नवा मालक रोज संध्याकाळी 'आपला कूलर' पाहायला येऊ लागला. त्यात पाणी टाकलंय का, ताट्या ओल्या आहेत का, हे तपासायचा आणि त्याच्यासमोर बसून चहा प्यायचा. महिनाभराच्या चहाचा हिशेब केला तर कूलर मी फुकट दिला.

बाकीच्या वस्तूंचा भाव पैशांत ठरलाच नाही. आलमारीचे मी चार हजार सांगितले. गिऱ्हाईक शेतकरी होता. त्याने डोळे मिटून मनात भागाकार केला. गेल्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता.

"अर्ध्या क्विंटलाच्या वर चालले तुमी," तो म्हणाला. "एका आलमारीसाठी?"

अर्ध्या क्विंटलावर सौदा ठरला. मी हात पुढे केला.

"आता कुठं पैसे भाऊ? पेरणी तोंडावर हाये. बियाणं, खत, समदं बाकी हाये. कापूस निंगाला का लगेच देतो."

कापूस निघतो दिवाळीच्या आसपास. मला जूनच्या पहिल्या आठवड्यात विमान. पण यात त्याचं काही चुकत नव्हतं. घाटंजीचा बाजारच कापसावर चालतो. कापूस विकला गेला की लग्नं ठरतात, घरावर पत्रे पडतात, जुनी देणी फिटतात. मे महिन्यात इथे सगळ्यांजवळ सगळं असतं, रोकड सोडून. दिवाण कापसावर गेला, शिलाई मशीन तुरीवर गेली. विकत घेणाऱ्यांत एकजण बागायतदार निघाला, त्याने टीव्ही गव्हावर नेला. आमचं घर रिकामं झालं आणि माझी वही भरली.

भांड्यांची गोष्ट आणखी अवघड. आपल्याकडे आहेर म्हणून दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. मोठा पितळी गंज विकायला काढला, तर त्याच्या काठावर वडिलांच्या मित्राचं नाव. तो मित्र दोन गल्ल्या सोडून राहतो आणि रोज सकाळी आमच्यासमोरून फिरायला जातो. त्या दिवशीही आला. गंज उचलला, चष्मा वर करून नाव वाचलं, तारीख वाचली, आणि काही न बोलता काखेत मारून घरी घेऊन गेला. बातमी पसरली. दुपारपर्यंत जो तो येऊन आपापलं नाव शोधू लागला. वाट्या गेल्या, ताटं गेली, घंगाळ गेलं. पैसे मागायला तोंड नव्हतं. उलट एका आजींनी ऐकवलं, "मी सहा गिलास देल्ले होते. पाचच दिसून रायले."

याच सुमारास बायकोने जर्मनीतल्या घरांची माहिती काढली. तिथे भाड्याची घरं पुष्कळदा ओट्याविना, बेसिनविना मिळतात. जुना भाडेकरू जाताना स्वयंपाकघर उचकटून नव्या घरी नेतो. नवा येतो तेव्हा त्याच्या वाट्याला भिंतीतून निघालेल्या पाण्याच्या नळ्या येतात. हे ऐकून आईचं मत झालं की जर्मन लोक शहाणे आहेत, ते काही विकत नाहीत. "मग आपण काहून इकून रायलो?" या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी देवदर्शनाचा विषय काढला.

देवदर्शनाला भाड्याची जीप केली. माणसं कमी आणि न विकलेलं सामान जास्त, म्हणून ज्या वाटेवर नातेवाईक, ती वाट धरली. बंगईची फळी टपावर आणि पितळी कड्या आमच्या पायांत. आर्णीला आत्याकडे बंगई उतरवली. तिथेच आत्या आणि दोन सुना जीपमध्ये चढल्या, त्यामुळे वजन तेवढंच राहिलं. पैनगंगा ओलांडली की विदर्भ संपतो, मराठवाडा लागतो आणि माहूरचा गड दिसू लागतो. रेणुकामाता साडेतीन पीठांपैकी एक, आणि तिचा प्रसाद म्हणजे कुटलेल्या विड्याचा तांबूल. आईने देवीला सुनेची नोकरी सांगितली, पगार सांगितला, तिकडच्या थंडीची तक्रार केली आणि शेवटी विचारलं, "आलमारीचे पैसे देईल का तो?" तांबुलामुळे तोंड भरलेलं होतं, म्हणून मी देवीच्या वतीने काही बोललो नाही.

आपल्याच तालुक्यातला वाघ न पाहता परदेशी गेलो तर तिकडच्यांना काय सांगायचं, म्हणून टिपेश्वरही केलं. 148 चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य पांढरकवडा आणि घाटंजीच्या बाजूला पसरलेलं आहे. आत टिपाई देवीचं मंदिर आहे, नाव तिच्यावरूनच. उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ दिसतो असं सगळे सांगतात. आम्हाला पाणवठा दिसला. भरपाई म्हणून गाईडने गोष्ट सांगितली. 2019 साली इथला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घालून निघाला. तेलंगणात डोकावला, परत महाराष्ट्रात आला, शेतं, रस्ते, नाले पार करत 1,300 किलोमीटरच्या वर चालला आणि डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. अभ्यासकांच्या मते तो शोधत होता जागा, शिकार आणि जोडीदारीण.

"म्हणजे घर, नोकरी आन सोयरीक," आत्या म्हणाली.

त्याला कोणी कर्जाचं विचारलं नाही, आणि त्याची उधारीही कुणाकडे अडकली नाही. मला त्याचा मनापासून हेवा वाटला.

निघायच्या दिवशी कूलर त्याच्या मालकाच्या ताब्यात दिला. त्याने पावती मागितली. यवतमाळहून नागपूरच्या वाटेला लागलो. यवतमाळ म्हणजे शकुंतला रेल्वेचं गाव. ब्रिटिश कंपनीने ही अरुंद रूळांची लाइन इथला कापूस बाहेर न्यायला घातली. तो पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जायचा. बदल्यात मँचेस्टरहून 1921 साली बनलेलं इंजिन आलं आणि 1994 पर्यंत गाडी ओढत राहिलं. या जिल्ह्यातून परदेशी जाण्याची प्रथा कापसानेच सुरू केली, आणि त्यालाही परतीचं तिकीट कुणी काढलं नव्हतं.

वाटेत कळंबला चिंतामणी. मंदिर जमिनीच्या पोटात आहे. पायऱ्या उतरून गेलं की मे महिन्यातही गारवा. बायको म्हणाली, "हे आधी सुचलं असतं तर कूलर लवकर देता आला असता."

आमचं विमान नागपूरहून थेट दोह्याला होतं, तिथून पुढे जर्मनीला. मुंबई-पुण्याचं तोंड न पाहता जर्मनी गाठता येते, याचा वैदर्भीय माणसाला वेगळाच आनंद होतो. तो जर्मनीत उतरेपर्यंत टिकला. युरोपीय संघात प्रवाशाला बाहेरचे दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. आईने बॅगेत, टॉवेलात गुंडाळून, मला न सांगता साजूक तुपाचा डबा ठेवला होता. अधिकाऱ्याने बॅग उघडून अंगणात मांडावं तसं सगळं टेबलावर मांडलं आणि डबा काढून घेतला. आईला फोनवर सांगितलं. समोरचे काका तिथेच बसले होते. ते म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं का, जप्ती हाये."

2025-26च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 जाहीर झाला. आलमारीचा अर्धा क्विंटल नव्या भावाने धरायचा की जुन्या, यावर त्या शेतकऱ्याशी माझा फोनवर वाद चालू आहे. तो निकाली निघेपर्यंत, कापसाच्या मुलखातून परदेशी निघणाऱ्यांना एवढंच सांगतो: सामान विकायचं तर डिसेंबरात काढा, मे महिन्यात विकावा तो फक्त कूलर. आणि ज्या भांड्यावर कुणाचं नाव आहे ते बाजारात नेऊच नका. ज्याचं त्याला आधीच पोचतं करा, म्हणजे निदान सहावा ग्लास शोधायला वेळ मिळेल.