खरकट्या भांड्यांचे सोवळे

रक्ताची नाती कशी जपावीत हे दक्षिण कोरियाच्या व्हिसा-नियमांकडून शिकावे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या कोरियन वंशाच्या माणसासाठी तिथे एफ-४ नावाचा मानाचा व्हिसा आहे. नोकरी करा, धंदा करा, मुदत संपली की वाढवून घ्या. फक्त साधी अंगमेहनत करायची नाही. त्यामुळे २०२३ पर्यंत या व्हिसावर हॉटेलात आचारी होता येई, पण भांडी घासायला राहता येत नसे. कढईत परतणारा हात कायदेशीर, तीच कढई घासणारा हात बेकायदा. बरे, खरकट्याला परदेशी पासपोर्टाचा विटाळ होतो म्हणावे, तर तसेही नाही. चीन आणि जुन्या सोव्हिएत देशांतल्या कोरियन वंशीयांसाठी २००७ मध्ये एच-२ व्हिसा निघाला, तोच मुळी अशा कामांसाठी. म्हणजे एका आईच्या दोन लेकरांपैकी धाकटा एच-२ वर मोरीत बसून खुशाल भांडी घासायचा; एफ-४ वरच्या थोरल्याने मदतीला हात लावून पगार घेतला की तो गुन्हेगार ठरायचा. थोरल्याला हे सोवळे कशाने चढले? एच-२ वरून एफ-४ वर जाण्याचा एक मार्ग होता सरकारी तांत्रिक परीक्षेचा. त्यापायी अळंबीचे बियाणे बनवण्याची परीक्षा देणारेही निघाले. अळंबीशी पुढे संबंध येवो न येवो, परीक्षा उतरली की माणूस भांड्यांच्या पलीकडे पोचला!

याचे एक समर्थन नेहमी ऐकू येते : स्थानिक गरीब मजुराच्या पोटावर पाय नको. काळजी रास्त आहे. पण मग तोच पाय एच-२ वाल्याने दिला तर चालतो कसा? मजुरी पडायची असेल तर ती घासणाऱ्यांच्या संख्येने पडेल, व्हिसावरच्या अक्षराने नव्हे. शिवाय हॉटेलांना माणसे मिळेनात, तेव्हा २०२३ मध्ये स्वयंपाकघरातल्या मदतनिसाचे काम एफ-४ ला खुले करावेच लागले. कालपर्यंत ज्याने स्थानिक मजूर बुडणार होता, ते काम टंचाई येताच निरुपद्रवी ठरले. दुसरे समर्थन असे की, कोणाला घ्यायचे आणि काय करू द्यायचे, हा सार्वभौम देशाचा हक्क. मान्य, शंभरदा मान्य. मग उघड म्हणा की आम्हाला मजूर हवेत आणि त्यांचे हक्क नकोत. रक्ताचे, पूर्वजांचे, मातृभूमीचे कौतुक कशाला?

कारण हे कौतुक पहिल्यापासूनच पासपोर्ट पाहून केलेले आहे. १९९९ च्या कायद्याने परदेशस्थ कोरियनांना सवलती दिल्या, पण १९४८ मध्ये प्रजासत्ताकाचे सरकार स्थापन होण्यापूर्वी देश सोडलेल्यांना व्याख्येबाहेर ठेवले. आधी कोण गेले होते? भुकेने आणि जपानी राजवटीच्या जाचाने मांचुरियात, रशियाच्या अतिपूर्वेत गेलेले. त्यांतल्या रशियातल्यांना १९३७ मध्ये सोव्हिएत सत्तेने आगगाड्यांत कोंबून कझाकस्तान-उझबेकिस्तानच्या माळावर नेऊन टाकले. जे सरकार जन्मालाच आले नव्हते, त्याचे नागरिक नव्हते, हा यांचा दोष! अमेरिकेत स्थिरावलेला नातू मात्र सख्खा. २००१ मध्ये हा भेद घटनेशी विसंगत ठरला, २००४ मध्ये कायदा बदलला, आणि दारातून हाकललेला भेद मोरीच्या वाटेने परत आला. एफ-४ देताना गरीब देशांतून आलेल्याकडून अंगमेहनत करणार नाही असे लिहून घ्यायचे. आणि ज्याच्याकडे अंगमेहनतीखेरीज विकायला काही नाही, त्याला खालचा, मुदतबंद व्हिसा द्यायचा. दोन्ही व्हिसा एक करण्याकडे पावले पडली आहेत, हे चांगलेच. पण बंदीच्या यादीतून एकेक काम वगळत बसणे म्हणजे सुधारणा नव्हे, ती टंचाईची हजेरी आहे. ज्याला कायदेशीरपणे देशात राहू दिले, त्याने कोणते प्रामाणिक काम करावे, हे त्याला ठरवू द्या. एवढे जमत नसेल तर नाते सांगू नका. मजुरांची भरती चालू आहे अशी पाटी लावा, म्हणजे येणारा निदान मजुरीचा भाव तरी करील.