चासीला हात घालण्यापूर्वी

जुनी जीप दारात उभी राहिली की सगळं गाव रंगाविषयी बोलायला लागतं. मिलिटरीचा हिरवा ठेवा, लाल करू नका, हुड कॅनव्हासचंच हवं, टायर जुन्या नक्षीचेच शोधा. सल्ल्याला पैसे पडत नाहीत आणि रंगाबद्दल मत द्यायला अक्कल लागत नाही. चासीची चौकशी मात्र कोणी करत नाही. ती पाहायची तर जमिनीवर पाठ टेकून आडवं व्हावं लागतं, आणि भेटायला आलेला पाहुणा सहसा इस्त्रीच्या कपड्यांत असतो.

आमच्याकडे जीप म्हणजे बहुधा महिंद्राची सीजे थ्री बी, उंच बॉनेटवाली. बॉनेट उंच का, तर आतलं हरिकेन इंजिन उंच म्हणून. विलीज या अमेरिकी कंपनीने हे मॉडेल 1953 साली आणलं आणि अमेरिकेत ते 1968 साली बंद झालं, पण महिंद्राने ते पुढेही कितीतरी वर्षं चालू ठेवलं. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर 80 इंच. खाली, शिडी आडवी टाकावी तशी चासी: दोन लांब चॅनल आणि त्यांना बांधून ठेवणारे आडवे तुकडे. इंजिन, पाटे, बॉडी, ड्रायव्हर आणि मागे बसलेली आठ-दहा माणसं, सगळ्यांचा भार शेवटी त्या दोन चॅनलवर. बाकी सगळे सुटे भाग म्हटले तरी चालेल.

लोखंड, पाणी, हवा आणि चवीपुरतं मीठ, एवढ्यात गंज तयार होतो. कोकणात या चारही गोष्टी फुकट आणि मुबलक. किनाऱ्यावर वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर खारा वारा. त्यात आमची जांभ्याची माती. ती लाल दिसते ती तिच्यात लोखंडाची ऑक्साइडं ठासून भरलेली असतात म्हणून, आणि गंज म्हणजे तरी दुसरं काय? त्यामुळे चॅनलच्या पोटातून स्क्रू ड्रायव्हरने उकरून काढलेला ढिगारा वर्तमानपत्रावर घेतला, तर त्यात सावंतवाडीची माती कुठली आणि जीप कुठली हे सांगता येत नाही. परदेशी वंशाची ही गाडी इतकी वर्षं इथे राहून स्थानिक व्हायला निघालेली असते. आपण तिला अडवतो, एवढंच.

मृगाच्या आधी जळकं ऑइल मारायची पद्धत आहे. ती वाईट नाही, पण ऑइल बाहेरून लागतं आणि गंज आतून येतो. चॅनलला जिथे आतून पट्टी जोडून बंद पेटी केलेली असते, तिथे चिखल शिरतो, पाणी निघून जायची भोकं बुजतात आणि आत बारा महिने श्रावण. बाहेरचा काळा रंग मात्र तुकतुकीत. म्हणून जाणता मिस्त्री डोळ्यांवर विसंबत नाही, लहान हातोडी घेऊन खाली सरकतो. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो. कुजलेलं लोखंड ‘थप्’ म्हणतं, आणि मग तुमचा मिस्त्रीही काही वेळ काही म्हणत नाही.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे मागच्या पाट्याच्या शॅकलचं ब्रॅकेट. तिथे पत्र्यावर पत्रा आहे आणि दोघांच्या मध्ये ओल. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो आतून फुगतो, दोन्ही पत्रे एकमेकांपासून रेटतो, रिव्हेटही ताणतो. छिन्नी लावली की पापुद्रे सुटतात, काळे, तपकिरी, मध्येच नारिंगी, आणि तीन मिलिमीटरच्या पत्र्यातून बोटभर जाडीचा गंज निघतो. सुरुवातीला आठ आण्याएवढं दिसलेलं भोक संध्याकाळपर्यंत तळहाताएवढं होतं. कुडाळच्या एका म्हाताऱ्या वेल्डरने अशा भोकात हात घातला, कोपरापर्यंत नेला आणि मालकाला अदबीने सांगितलं, “साहेबानू, ह्या भोक नाय, ह्यो दरवाजो आसा.”

अशा वेळी कोणीतरी शेजारचा थिगळाची वाट दाखवतो. वरून पट्टी ठेवा, चारी बाजूंनी वेल्डिंग मारा, पुटी भरा, काळा रंग द्या, कोणाला कळतंय? कळत नाही, हे खरं. पण सडक्या पत्र्यावर चांगला पत्रा ठेवला की मधल्या फटीत पाणी सुखाने राहतं, आणि काही पावसाळ्यांनी थिगळही भोकाला जाऊन मिळतं. शिवाय कुजलेल्या कडेला वेल्डिंग धरत नाही, पत्रा जळून भोक पुढे सरकतं आणि वेल्डर त्याच्या मागोमाग. थिगळ मारून रंगवलेली चासी ही खरेदीदाराची फसवणूक आहे असं माझं सरळ मत आहे. बॉडीला वाटेल तेवढी पुटी भरा, तिच्यावर कोणाचा जीव टांगलेला नसतो.

चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचं, हा एकच मार्ग. त्याआधी बॅटरी काढायची आणि पेट्रोलची टाकीही. या जीपमध्ये टाकी थेट ड्रायव्हरच्या सीटखाली असते. हे डिझाइन करणाऱ्याचा ड्रायव्हरवर फार विश्वास असावा. एका वेळी एकच बाजू कापायची आणि कापण्याआधी आडवे अँगल मारून चासी जखडून ठेवायची, नाहीतर ती हळूच अंग चोरते. नवा तुकडा जुन्याच जाडीचा घ्यायचा. सांधा सरळ उभा घेत नाहीत, तिरका घेतात, म्हणजे सगळा ताण एकाच रेषेवर येत नाही. वर आधाराची पट्टी लावायचीच तर तीही चौकोनी नाही, शंकरपाळ्याच्या आकाराची.

मग मापं. या कामातला हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे गवंड्याचा ओळंबा लागतो. चासीवरच्या ठरावीक भोकांतून तो खाली सोडायचा, फरशीवर खडूने फुल्या मारायच्या, गाडी बाजूला ढकलायची आणि फुल्यांच्या मधले कर्ण टेपने मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे आले तर चासी काटकोनात आहे. नाही आले तर पुन्हा मोजायचे, कारण पहिला संशय टेपवर, दुसरा टेप धरणाऱ्यावर आणि अगदी शेवटी आपल्या वेल्डिंगवर घ्यायचा अशी रीत आहे.

कापताना एका जागेला ग्राइंडर लावायचा नाही: जिथे चासी नंबर ठोकलेला आहे तिथे. इंजिन बदलेल, बॉडी नवी येईल, पण आरसी बुकाच्या लेखी गाडी म्हणजे तो नंबर. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते, 20,000 रुपये भरून, 10 वर्षांसाठी. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. गंजाने परस्पर करून ठेवलेल्या फेरफाराबद्दल नियम काही बोलत नाही.

शेवटी प्राइमर, रंग आणि पेटीच्या आत लांब नळीने सोडलेलं मेण. एवढा खर्च केल्यावर बॉडी वर बसते आणि सगळं झाकलं जातं. पाहुणे येतात, हिरव्या रंगाची तारीफ करतात, आणि एवढ्या पैशांत सेकंडहँड मारुती आली असती असंही सांगतात. त्यांचा हिशेब बरोबर आहे.

तुम्ही जुनी जीप घ्यायला निघाला असाल तर एक विनंती. बॉनेट नंतर उघडा, स्टार्टर त्याच्याही नंतर मारा. आधी जुने कपडे घाला, टॉर्च आणि लहान हातोडी खिशात ठेवा आणि मागच्या चाकापाशी आडवे व्हा. ठोकण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्या. त्याने ती दिली नाही, तर चहा पिऊन घरी या.