निपाणीचा डीएम

मी डीएम झालो हे ऐकून आई हरखली. "म्हंजे डीसीच्या वरचा न्हवं?" असं विचारून, उत्तराची वाट न पाहता, ती बोळभर सांगून आली. आमच्या कर्नाटकात जिल्ह्याचा साहेब डीसी. डीएम म्हणजे डंजन मास्टर, भुयारात राक्षस सोडणारा बिनपगारी माणूस, हे तिला अजून पटलेलं नाही.

खेळ अमेरिकेतला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली काढलेला. वीस पैलूंचा फासा टाकायचा आणि नशिबाला शिव्या घालायच्या. सुट्टीला आलेल्या भाचरांनी तो निपाणीत आणला आणि कोडी करायचं काम मामाच्या गळ्यात पडलं.

पंधरा दिवस खपलो. सुताराकडून पेटारा करवला, त्याला चार आकड्यांचं कुलूप. आकडा ११०१. आहेराच्या पाकिटासारखा, म्हणजे मी विसरायला नको. तो कागदावर लिहिला कानडीत. कानडी एक म्हणजे खालून तोंड उघडं राहिलेलं शून्य. पुण्यात शिकलेल्या भाच्याला चारही शून्यंच दिसणार, यातच तर गंमत! सोबत उलगड्याची चिठ्ठी: 'ज्याचं तोंड खाली उघडं, तो एक.' ती मोडीत. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि हात न उचलता अक्षरं तिला टांगत जातात. माझी अक्षरं टांगलेल्या वटवाघळांसारखी दिसत होती; पण म्हटलं, भुयारच आहे, शोभतील.

कागद जुनाट दिसावा म्हणून लोक तो चहात बुडवतात. निपाणीत राहून चहा? मी तंबाखूच्या पाण्यात बुडवला, माव्यावर फवारतात त्या. रंग असा चढला की कागद थेट निपाणकर देसायांच्या दप्तरातून आलाय असं वाटावं.

रविवारी रात्री घडी उलगडली आणि चारही शूर योद्धे शिंकायला लागले. बेळगावात कानडी शिकलेली भाची डोळे पुसत म्हणाली, "मामा, ही तर सगळी शून्यंच आहेत की." बघतो तर शाई फुटून प्रत्येक एकाचं तोंड मिटलेलं. घाईनं चिठ्ठी घेतली, तर माझीच मोडी मला लागेना. पुण्याचा भाचा म्हणे आकडे मराठी, भाची म्हणे कानडी. सीमाप्रश्न १९५६ पासूनचा, २००४ पासून सुप्रीम कोर्टात. तो माझ्या परातीएवढ्या भुयारातही शिरेल असं वाटलं नव्हतं.

एवढ्यात धाकटा कुठून तरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. "मामा, बिजागऱ्या बाहेरनं आहेत की!" चार स्क्रू निघाले, झाकण मागच्या बाजूनं उघडलं. फासासुद्धा टाकावा लागला नाही.

पुढच्या रविवारसाठी मी बिजागऱ्या आतून मारून घेतल्या. आकडाही बदलला, कुणाला सुचणार नाही असा, आणि तो कागदावर लिहून ठेवला. कागद आत राहिला हे झाकण लावल्यावर आठवलं.