ग गवताचा, म मकवानाचा

डी.एल.एड.च्या आंतरवासितेत छात्राध्यापकानं आधी वर्गात बसून नुसतं निरीक्षण करायचं असतं. 'नुसता बघत बसतोस' हे वाक्य आमच्या घरी लहानपणापासून माझ्या वाट्याला आलेलं. आता त्याचेच गुण मिळणार म्हटल्यावर मी हरखलोच.

शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. एका खोलीत पहिली आणि तिसरी, शेजारच्या खोलीत दुसरी आणि चौथी. मी मागे सतरंजीवर मांडी ठोकली, निरीक्षण वही उघडली, 'विद्यार्थी प्रतिसाद' या रकान्यात भारदस्त काहीतरी लिहायला पेन टेकवलं, तोवर अख्खी पहिली मागे वळून माझंच निरीक्षण करू लागली. एका चिमुरडीनं बाईंना विचारलंसुद्धा, "हे सर नापास झालेत का?"

मग एकदा बाईंना कसलीशी ऑनलाइन माहिती भरायची होती (ती नेहमीच भरायची असते) आणि खडू माझ्या हाती आला. माझी तयारी जय्यत होती. मराठी वाचनाची सुरुवात क, ख पासून न करता ग, म, भ, न पासून करायची रीत जुनी आहे. वळणं जवळची, हात एका अक्षरातून दुसऱ्यात सहज जातो, आणि काना-मात्रा न शिकताही मन, मग, नभ, गगन असे शब्द लगेच वाचता येतात. हे सगळं पाठ टाचणात लाल शाईनं अधोरेखित करून, रात्री जागून कार्डशीटवर हिरवंगार गवत रंगवून मी उभा राहिलो आणि ऐटीत विचारलं, "हे काय?"

"घास!" पहिली एकसुरात ओरडली.

घास म्हणजे घ. मी म्हटलं, नीट बघा. तेव्हा एकजण पुढे येऊन, चित्राला जवळजवळ नाक लावून, "मकवान हाय" म्हणाला. दुसऱ्यानं ते खोडून काढलं, कारण मकवान एवढं बुटकं नसतं. मग कुणाच्या गाईला काय लागतं, कुणाची म्हैस काय हुंगत नाही, दुधाला काय चांगलं, यावर असा परिसंवाद रंगला की मीही दोन प्रश्न विचारले. गवत कुणीच म्हणालं नाही. बाईंनी मोबाइलवरून मान वर न करता सांगितलं, "सर, मकवानातला म घ्या की. ग उद्या."

ही युक्ती टाचणात कुठंच नव्हती.

त्यानंतर मला बिनधोक काम म्हणून तिसरीचं वाचन मोजायला दिलं. २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात अपेक्षा अशी की तिसरीच्या मुलानं अनोळखी उतारा मिनिटाला किमान ६० शब्द या वेगानं, आणि समजून, वाचावा. मी मोबाइलवर वेळ लावली. मुलगी सुटली. शब्द मोजायच्या नादात घड्याळ बघायचं राहिलं, घड्याळ बघितलं तर शब्द हुकले, आणि या दोघांची मोट बांधेपर्यंत तिनं उतारा, खालचा स्वाध्याय आणि पानाचा क्रमांकही वाचून टाकला. "काय समजलं?" मी विचारलं.

"समजून वाचायचं होतं, तर आधी सांगायचं ना, सर!"

आता उरला रामबाण उपाय. मुलाच्या ओळखीच्या शब्दापासून सुरुवात करा, असं अध्यापक विद्यालयात शिकवलेलं. आणि स्वतःच्या नावाहून ओळखीचं काय असणार? मी पहिल्या रांगेतल्या पहिल्या मुलाला नाव विचारलं. हृषीकेश. मी ह काढला, त्याला खाली र जोडायचा प्रयत्न केला, उकार दिला, तो पुसून दुसरा दिला, ष ला हाताला येईल ती वेलांटी लावली आणि घाम पुसला. मुलगा बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला.

"हे माझं न्हाई."

दप्तरातून त्यानं पाण्याची बाटली काढून माझ्यापुढे धरली. तिच्यावर आईनं नाव चिकटवलेलं. त्याला ह वाचता येत नव्हता, ष तर दूरच. पण आपलं नाव तो माणसाच्या चेहऱ्यासारखं ओळखत होता आणि त्याच्या नाकाडोळ्यांची मी केलेली दशा त्याला खपली नाही. "वाचन असंच सुरू होतं, लिहून घ्या," बाई म्हणाल्या. मी आधी बाटलीवरून नाव फळ्यावर उतरवून घेतलं. मागे श्रेयस, ज्ञानदा आणि स्वरांजली रांगेत उभे होते.

तेव्हा ज्यांच्या घरी लवकरच बारसं आहे अशा वाचकांना हात जोडून विनंती: पंचांग बघा, शब्दकोश चाळा, आत्याबाईंनाही विचारा, पण पुढं सहा वर्षांनी कुणीतरी छात्राध्यापक खडू घेऊन उभा असेल, त्याचाही थोडा विचार करा. गगन आहे, नमन आहे. मदन ठेवलंत, तर द चं मी बघतो.