पद्मिनीचा हयातीचा दाखला

सरकारी नोकर अठ्ठावन्न वर्षांचा झाला म्हणजे सरकार त्यास हार घालून घरी बसविते, आणि मोटार पन्नास वर्षांची झाली म्हणजे तेच सरकार तिला पूजनीय ठरविते, हा सूक्ष्म न्याय आमच्या ध्यानी येण्यास आमच्या तीर्थरूपांची प्रीमियर पद्मिनी निमित्त झाली. 2021 साली केंद्राने जे नियम जारी केले, त्यांअन्वये प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि इंजिन, सांगाडा व बॉडी यांत मोठा फेरफार न झालेल्या वाहनास, वीस हजार रुपये शुल्क घेऊन, 'व्हिंटेज' ही पदवी दहा वर्षांसाठी बहाल होते, व नंबरपट्टीवर 'व्हीए' ही अक्षरे मिरविण्याचा अधिकार त्यास प्राप्त होतो. पंधराव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत मात्र तीच मोटार जामिनावर सुटलेल्या आरोपीसारखी असते. दर पाच वर्षांनी तिने हजेरी द्यावी, आपली प्रकृती दाखवावी आणि पुढची तारीख घेऊन निमूट परतावे.

ही पद्मिनी तीर्थरूपांनी 1974 साली मिळविली. 'मिळविली' हेच क्रियापद येथे यथार्थ होय, कारण त्या काळी मोटार विकत घेता येत नसे, ती अनुग्रहाने प्राप्त होत असे. अनामत भरावी, प्रतीक्षायादीत वर्षे काढावी, आणि नंबर लागल्याचे पत्र आले म्हणजे गल्लीत पेढे वाटावे, असा प्रघात होता. कुळाने ती इटलीच्या फियाट 1100 ची कन्या, जन्माने कुर्ल्याची आणि नावाने चितोडची राणी. यंत्र 1089 घनसेंटिमीटरचे आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला लगटून. 1996 साली तीर्थरूपांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा त्यांनी तिला परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली, वर ताडपत्री ओढली आणि "पुढच्या महिन्यात काढू" असे सांगितले. तो पुढचा महिना उगवण्यास अठ्ठावीस वर्षे लागली.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून निवृत्त झाली, आणि ज्यांनी गेल्या दहा वर्षांत एकाही काळ्यापिवळ्या टॅक्सीस हात केला नव्हता अशा असंख्य सज्जनांच्या डोळ्यांस एकदम धारा लागल्या. त्यांत पुण्याचे आमचे पुतणे अग्रभागी. "काका, आपली पद्मिनी भंगारात घालू नका हं, वारसा आहे तो आपला!" असे त्यांनी सद्गदित कंठाने दूरध्वनीवरून बजावले. शेड पाडून तेथे दोन खोल्या भाड्याने द्याव्यात, ही सूचना त्याच कंठातून दोनच वर्षांपूर्वी निघाली होती. आम्ही खर्चाची बाब काढली, तेव्हा त्यांची रेंज गेली.

कोल्हापुरात यंत्र बिघडले म्हणजे माणूस देवळात जाण्यापूर्वी उद्यमनगरात जातो. ओतकाम आणि लेथ यांची ती पेठ. मोडका नमुना टेबलावर ठेवावा आणि संध्याकाळी नवा कातून न्यावा. तेथून आणलेल्या सत्तरीच्या मिस्त्रींनी पद्मिनीभोवती एक प्रदक्षिणा घातली, बॉनेट उघडले आणि किल्लीकडे गेलेला आमचा हात जागच्या जागी थांबविला.

"सेल्फ मारायचा न्हाई, मालक. रिंगा धरल्यात. घाई केली की तुटत्यात."

चारही प्लग काढून प्रत्येक भोकात त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने तेल ओतले आणि ते आठ दिवस गावाला निघून गेले. नवव्या दिवशी पुलीच्या नटास लांब दांड्याचा पाना लावून त्यांनी अंगाचा भार दिला, काही झाले नाही, पुन्हा दिला, आणि पुली करंगळीच्या नखाएवढी सरकली. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला, चिंधीस हात पुसले आणि चहा सांगितला. "आता मरत न्हाई," एवढेच बोलले.

टाकीतील पेट्रोलची काकवी झाली होती आणि तिला वार्निशाचा वास येत होता. कार्बोरेटरचे जेट मिस्त्रींनी वायरीतला तांब्याचा एकच धागा उपसून, सुईत दोरा ओवावा तसे साफ केले. क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती, ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम झाले होते. त्यांची वर्णने वाचकांस आणि बिले आम्हांस पुरेशी कंटाळवाणी आहेत.

खरा प्रश्न पेट्रोलचा. पंपावर हल्ली जे मिळते त्यात वीस टक्के इथेनॉल, म्हणजे बहुतांशी आमच्याच शेजारच्या उसाचा आणि धान्याचा अर्क असतो. 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आम्हांस औषधापुरता घोट घ्यावयाचा तरी परवाना बाळगावा लागतो; पद्मिनीस मात्र, तिची तक्रार असो वा नसो, दर घोटाचा पाचवा हिस्सा मद्यार्काचा घेणे भाग आहे. जन्मभर निर्व्यसनी राहिलेल्या तिच्या पेट्रोलपंपाच्या रबरी डायफ्रामने आठवडाभरात मान टाकली आणि नळीतून थेंब इंजिनावर पडू लागले. चितोडच्या राणीचे नाव धारण करणाऱ्या गाडीच्या बाबतीत याचा अर्थ काय होऊ शकतो हे ध्यानी येऊन आम्ही वाळूच्या दोन बादल्या शेडमध्ये ठेवल्या. मिस्त्रींनी नवा डायफ्राम आणि नव्या नळ्या बसविल्या.

यंत्र याप्रमाणे सजीव झाले. आता कागद सजीव करावयाचा होता. एअर क्लीनरमध्ये उंदरांनी जो संसार मांडला होता, त्यात सीटचा काथ्या, गोणपाटाचे सूत आणि डॅशबोर्डच्या खणातील नोंदणीपुस्तकाचा कोपरा एवढा ऐवज मिळाला. पुस्तकाचे पान पाहिले, तो दिनांक शाबूत, महिना शाबूत, आणि सालाचे फक्त तीन आकडे शिल्लक: 197. चौथा आकडा उंदराच्या उदरात. तो चार असेल तर मोटार राष्ट्राचा ठेवा. नऊ असेल तर भंगार. इतका निर्णायक अधिकार मूषकवर्गाच्या हाती पूर्वी कधी गेला नसावा. अखेर संबंधित दफ्तरातील एका तरुण कारकुनाने, कोणतीही घाई न दाखविता, कापडी बांधणीची जुनी वही काढली आणि कुणा अज्ञात पूर्वसूरीच्या टाकाने, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिलेली नोंद आमच्यापुढे धरली: 11 डिसेंबर 1974. त्या अक्षरास आम्ही मनोमन नमस्कार केला.

पदवी मिळाली, पट्टी लागली, आणि मग नियमांचे उरलेले कलम आम्ही चष्मा पुसून वाचले. व्हिंटेज वाहन नित्याच्या वा धंद्याच्या कामास रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणे, एवढ्याच कारणांस्तव ते चालवावे. मंडईत जाऊन भाजी आणणे हे यांपैकी कशात बसते, यावर आम्ही दोन रात्री विचार केला. बसत नाही.

सबब गेल्या शनिवारी, सौभाग्यवतींस शेजारी बसवून, चोक ओढून, तिसऱ्या प्रयत्नात सुरू झालेली पद्मिनी आम्ही दसरा चौकापर्यंत आणली. तेथे एका तरुण वाहतूक पोलिसाने हात केला, 'व्हीए' ही अक्षरे दोनदा वाचली, बॉनेटवरून हात फिरविला आणि विचारले,

"कुठं निघाला, आजोबा?"

"पेट्रोल भरायला."

"आन् तिथनं?"

"घरी."

त्याने क्षणभर विचार केला. "मग पेट्रोल कशाला पाहिजे?"

"पुढच्या शनिवारी पंपावर यायला."

त्याने मागची वाहने थोपवून धरली आणि आम्हांस वाट करून दिली.