मुरूम लागवड : नवशिक्या बागायतदारांसाठी सल्ला

जमीन : या पिकाला तेलकट जमीन मानवते. कपाळ, गाल, हनुवटी, छाती आणि पाठ इथे तैलग्रंथी दाट असतात, म्हणून हेच पट्टे निवडावेत. तळहात-तळपायांवर या ग्रंथीच नसतात, तिथे कष्ट वाया जातील. जमीन सुरुवातीला मुरमाड नसली तरी चालते. पुढे होते.

हंगाम : बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमारास संप्रेरकांचा पहिला पाऊस पडला की पेरणी आपोआप होते. मुलग्यांचं पीक जोमदार, पण बहुधा विशीत आटोपतं. बायकांना तिशीनंतरही रब्बी घेता येतो, विशेषतः पाळीच्या आधीच्या आठवड्यात. ‘आमच्या घराण्यात कुणालाच नव्हते हो,’ असं आत्या म्हणाली, तर तिच्या कॉलेजचे फोटो मागावेत. हे पीक बहुतेकदा वारसाहक्कानेच येतं.

बियाणे : विकत घ्यावं लागत नाही. मेलेल्या पेशी आणि तेल यांनी रोमछिद्राचं तोंड बुजलं की बी पडलं. ते वर दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे आज उगवलेल्या मुरुमाचा दोष कालच्या भज्यांना देऊ नये. आत एक जिवाणू कूळ म्हणून राहतो. 2016 मध्ये त्याच्या सातबाऱ्यावर नावदुरुस्ती झाली : आधी प्रोपिओनिबॅक्टेरियम, आता क्युटिबॅक्टेरियम. वहिवाट तीच. तो नितळ चेहऱ्यांवरही नांदतो, म्हणून त्याला कायमचं बेदखल करण्याच्या भरीस पडू नये.

खते : तळणावर आरोप जुना, पुरावा तोकडा. त्याहून बरा पुरावा साखर आणि मैद्याविरुद्ध आहे. जिममध्ये मिळणाऱ्या व्हे प्रोटीनच्या डब्यावरही संशय आहे. केसांना चोपडलेलं तेल कपाळावर ओघळू दिल्यास भांगाच्या कडेने सुरेख ओळीत उगवण होते.

आंतरमशागत : दिवसातून सहा वेळा साबणाने तोंड धुवावं, मग खरखरीत स्क्रबने कोळपणी करावी. नाकावरचे काळे ठिपके मळ समजून घासावेत. तो मळ नसतो. छिद्रात अडकलेल्या ऐवजाला हवा लागून आलेला रंग असतो. पण घासल्याचं समाधान मिळतं आणि त्वचा लाल होते.

फवारणी : लिंबू, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट आलटून पालटून मारावीत. सहाणेवर उगाळलेलं जायफळ आजीच्या मायेने लावावं. माया लागू पडते. खरा चमत्कार हवा असेल तर मेडिकलमध्ये ‘गोरं करणारी ट्यूब’ मागावी. अशा ट्यूबमध्ये अनेकदा स्टेरॉइड असतं. पहिले काही दिवस चेहरा उजळतो, मैत्रिणी विचारतात. मग त्वचा पातळ होते, लाली येते, लव वाढते आणि पीक दुप्पट जोमाने फुटतं. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ‘तेच दे रे’ म्हणणारं गिऱ्हाईक संपलेलं नाही.

काढणी : साखरपुड्याच्या आदल्या रात्री, बेसिनवरच्या आरशासमोर, दोन्ही अंगठ्यांच्या नखांनी करावी. दाबल्यावर थोडा माल बाहेर येतो आणि बराचसा आत खोल जातो. सकाळी एकाच्या जागी दुप्पट आकाराचा एक मिळतो.

साठवण : आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेत काळे डाग महिनोन्महिने टिकतात. सनस्क्रीन न लावता उन्हात फिरल्यास आणखी टिकतात. डाग कधीतरी विरतात; खड्डे मात्र पिढीजात इस्टेटीसारखे राहतात.

पीक नकोच असेल तर : काम कंटाळवाणं आहे. सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदा तोंड धुवा. सकाळी सनस्क्रीन लावा. डॉक्टरांना विचारून 2.5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा रात्री 0.1 टक्के अ‍ॅडापलीन सुरू करा. वाटाण्याएवढं अ‍ॅडापलीन अख्ख्या चेहऱ्याला पुरतं, आणि ते मुरुमावर टिकली लावल्यासारखं नव्हे, सगळ्या पट्ट्यात पसरायचं, कारण न उगवलेलं बी तिथेच असतं. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, म्हणून एक रात्र सोडून लावा आणि मॉइश्चरायझर जवळ ठेवा. बेंझॉइल पेरॉक्साइडने उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, त्यामुळे अभ्रा पांढराच बरा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. काही औषधं तेव्हा अजिबात चालत नाहीत. दुखऱ्या गाठी, खड्डे किंवा मुरुमांसोबत अनियमित पाळी असेल, तर घरचे प्रयोग थांबवून थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

आणि आठव्या दिवशी ट्यूब फेकू नका. सोयाबीन काढणीला यायला साधारण 100 दिवस लागतात आणि तेवढे दिवस कुणी रोज रोप उपटून मूळ बघत नाही. मुरुमांच्या औषधाला बारा आठवडे द्यायचे असतात, म्हणजे 84 दिवस.